वाचल्याशिवाय फळा पुसायचा नाही

शाळेत वस्तू मरत नाही. मोडली, फुटली, उंदरानं कुरतडली तरी ती डेडस्टॉकच्या वहीत जिवंत असते. तिचं निर्लेखन व्हावं लागतं. म्हणजे कुणीतरी साहेबानं येऊन, डोळ्यांनी बघून, 'ही वस्तू आता कामाची राहिली नाही' असं सहीनिशी लिहून द्यावं लागतं. साहेब येतो, चहा पितो, जातो. वस्तू राहते. आमच्या हायस्कुलात खिचडीच्या खोलीमागं एक अंधारी खोली आहे. तिथं लाकडी पेटीतला रेडिओ आहे, रेडिओवर टीव्ही आहे, टीव्हीवर कॉम्प्युटरचे चार डबे आहेत आणि सगळ्यात वर कोंबडी अंडी घालते.

किश्शांचंही असंच. एकदा किस्सा शाळेत घडला की त्याचं निर्लेखन होत नाही. एकावर एक रचत जायचं.

मी हौसाबाई. सांगोल्यापासून एसटीनं पाऊण तासावर आमचं गाव. तिथल्या हायस्कुलात बत्तीस वर्षं शिपाई होते. मालक शिपाई होते, ते गेले, त्यांच्या जागी मी लागले. माझ्यानंतर ती जागा भरलीच नाही, सरकारला शिपाई लागत नाही म्हणे आता. कुणी माझं शिक्षण विचारलं तर मी सांगते, मी शाळा शिकले नाही, शाळा पुसली. पुसताना हाताला लागलं ते माझं शिक्षण. हा मजकूर मीच लिहितेय, माझ्या हातानं. ऱ्हस्व-दीर्घ कुठं चुकलं असेल तर छापणाऱ्यानं बघून घ्यावं, तेवढ्यासाठीच त्याला ठेवलाय.

दिवाळीनंतर सविताबाईंचा फोन आला. सविता आमच्याच शाळेत शिकली आणि आता तिथंच हेडबाई आहे. म्हणाली, मावशी, शाळेला मोठं डिजिटल पॅनल मिळालंय, आठवीच्या वर्गात बसवणार आहोत. मी म्हटलं, चांगलं झालं की. कुठल्या भिंतीला?

तिनं आवाज बारीक केला. मग म्हणाली, "फळ्याच्या."

आठवीतला फळा म्हणजे टांगलेली लाकडी फळी नव्हे. भिंतीतच सिमेंटचा गिलावा करून काढलेला आहे. तो काढायचा म्हणजे फोडायचा. मी फोन ठेवला आणि त्या दिवशी कुणाशी बोलले नाही. शेजारणीला वाटलं माझी दाढ दुखतेय.

तेव्हापासून एकेक आठवत गेलं.

०

पहिलं मशीन आलं ते रेडिओ. त्याला लाकडी पेटी, पेटीला कुलूप, किल्ली माझ्याकडे. त्या वेळचे हेडमास्तर गुरव सर. शिस्तीचे. रेडिओवर शाळेचा पाठ लागला की पोरांनी हाताची घडी घालायची आणि शिकवणाऱ्या मास्तरांनीसुद्धा उभं राहायचं, कारण वर्गात दुसरा शिक्षक बोलतोय. एका पोरीनं हात वर केला आणि रेडिओला म्हणाली, बाई, परत सांगा. बाईंनी काही परत सांगितलं नाही. पोरगी घरी जाऊन म्हणाली, नव्या बाई लई शिष्ट हायत.

पंचाईत एकच होती. पाठाच्या वेळेलाच बिरा मेंढका खिडकीखालून मेंढरं घेऊन जायचा. घंट्या, कुत्री, त्याची शीळ, ह्यात रेडिओचं काही कळायचं नाही. गुरव सरांनी त्याला हात जोडले, बाबा, पाठ संपेस्तोवर मेंढरं थांबव. बिरा भला माणूस. तो रोज काठी टेकून खिडकीशी उभा राहायला लागला. मेंढरंही उभी. पुढं पुढं तर तो पाठाच्या आधीच यायचा आणि मला म्हणायचा, मावशी, किल्ली लवकर आणा, काल अर्ध्यात संपलंय.

त्या साली तपासणीला मोठे साहेब आले. भूगोलाचा तास. साहेबांनी विचारलं, आपल्याकडे पाऊस आणणारे वारे कुठल्या दिशेनं येतात? वर्ग चिडीचूप. मास्तर घामाघूम. गुरव सर छताकडे बघतायत.

खिडकीतून आवाज आला, "नैऋत्येकडनं, सायेब. पर हितवर पोचत न्हाईत."

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं, विद्यार्थ्यांची तयारी समाधानकारक.

०

रेडिओचे सेल संपले की ते मी फेकत नसे. फोडून आतली काळी पूड काढायची, त्यात कोळसा कुटून मिसळायचा आणि तोंडलीच्या पाल्यानं फळा घासायचा. असा रंग बसायचा की खडू नुसता टेकवला तरी अक्षर उठून दिसावं. रेडिओ मरायचा तेव्हा फळा जिवंत व्हायचा. आठवीचा फळा असा कितीदा माझ्या हातांनी काळा झाला, ते मोजलेलं नाही.

मी कामाला लागले तेव्हा पगाराच्या कागदावर अंगठा उठवायचे. मला ते खुपायचं. गुरव सरांपुढं दऊत उघडायची, अंगठा बुडवायचा, आणि पाठीमागं रांगेत उभ्या मास्तरांनी तिकडं बघायचं नाही असं दाखवायचं. ते बघायचं नाही दाखवणंच जास्त लागायचं.

शाळा सुटल्यावर वर्ग झाडून फळे पुसायचे. मी आठवीचा फळा शेवटी ठेवायची. ओल्या फडक्यानं पुसण्याआधी एकेका अक्षरावर बोट ठेवायचं. रेडिओत ऐकलेलं, वर्गाबाहेर बसून ऐकलेलं, सगळं जुळवून बघायचं. 'पाणी' हा शब्द मला असाच सापडला. त्या दिवशी शास्त्राच्या तासाला पाण्यावरच धडा होता आणि तो शब्द फळ्यावर सात ठिकाणी होता. गुरव सर ओरडायचे, एका फळ्याला एवढा वेळ? मी सांगायची, वला हाय अजून.

एक दिवस आठवीतली सविता विसरलेली कंपासपेटी न्यायला परत आली. दारात उभी राहून बघत होती, मला पत्ता नाही.

म्हणाली, "मावशी, वाचताय व्हय?"

"न्हाय. पुसतीया."

"मग ओठ का हलत्यात?"

मी फडकं उगारलं. पळाली. मला वाटलं, झालं, आता गावभर सांगणार. पण पोरगी कुणाला बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पुसायला गेले तर फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात, एक ओळ माझ्यासाठी. मग ती रोजच लिहायला लागली. मीही तिला कधी विचारलं नाही, तिनंही मला कधी विचारलं नाही. तारीख ती लिहायची तशीच ही ओळ.

पहिल्या आठवड्यातली गंमत ऐका. एका ओळीतले दोनच शब्द लागले, बाकी काही लागेना. अंधारून आलं, म्हटलं राहू दे, उद्या वाचू, म्हणून तेवढा कोपरा न पुसता ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळी शाळा झाडली, माठ भरले, घंटा दिली. कुणी येईना. दुसरी घंटा दिली. चिटपाखरू नाही. मग आठवीत जाऊन बसले आणि अक्षर अक्षर लावत ती ओळ तडीस नेली.

'मावशी उद्या सुट्टी आहे, येऊ नका.'

त्या दिवसापासून माझा नियम झाला. वाचल्याशिवाय फळा पुसायचा नाही. दोन वर्षांनी पगाराच्या कागदावर मी सही केली. गुरव सरांनी दऊत पुढं सरकवली होती, ती मी परत सरकवली आणि त्यांच्या खिशाला लावलेलं पेन मागितलं. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, अच्छा, म्हणून फळा ओला असायचा.

०

टीव्हीचा किस्सा लहान आहे. रंगीत टीव्ही आला. मोडला तर जबाबदारी कुणाची, ह्या भीतीनं हेडसरांनी तो खोक्यातच ठेवला, वर सोलापुरी चादर घातली. दर दसऱ्याला मी चादर धुवायची. दोन वर्षांनी तपासणीला साहेबांनी विचारलं, टीव्ही चालू स्थितीत आहे का?

हेडसर अभिमानानं म्हणाले, "एकदम नवा आहे साहेब. अजून लावलासुद्धा नाही."

०

कॉम्प्युटर आले तेव्हा मात्र शाळेला सूनबाई आल्यासारखं झालं. चार कॉम्प्युटर. त्यांच्या खोलीला पडदे, खाली सतरंजी, चपला बाहेर. हेडसरांच्या ऑफिसला पंखा नव्हता, कॉम्प्युटरला दोन होते. शिकवायला सोलापूर शहरातून श्रीनिवास सर आले. तरुण, बारीक, घरात पिढ्यान् पिढ्या चादरी विणणारी माणसं. आईशी फोनवर तेलुगूत बोलायचे, पोरांशी मराठीत आणि कॉम्प्युटर अडला की त्याच्याशी इंग्रजीत.

तुम्हाला माहीत आहे, आमच्याकडे घट बसायच्या आधी घरातलं झाडून सगळं धुतात. वाकळा, भांडी, डबे, दाराचे पडदे, धुण्यासारखं जे जे असेल ते. शाळेतही मी दरवर्षी तसंच करायची. बाकं, माठ, घंटा, सगळं. आणि खंडेनवमीला शाळेतली आयुधं पुजायची, म्हणजे खडू, कंपास, प्रयोगशाळेतला तराजू. त्या साली वाटलं, कॉम्प्युटर पुजणार, तर तो पारोसा कसा पुजायचा?

डब्यांना हात लावला नाही. त्यात करंट असतो एवढं मला कळतं. पण ती बटणांची फळी वेगळी निघत होती. पोरांच्या हातांनी काळीकुट्ट. फटींतून शेंगदाण्याची टरफलं. त्या चारही फळ्या आणि चारही उंदीर मी शनिवारी दुपारी हौदावर नेले, साबण लावला, नारळाच्या शेंडीनं घासले आणि उन्हात घातले.

सोमवारी श्रीनिवास सर आले. मी मैदान झाडत होते. सर खोलीत गेले, बाहेर आले. परत आत गेले, परत बाहेर आले. मग त्यांना वाळत घातलेलं दिसलं. तारेवर चार फळ्या आपापल्या वायरीला लोंबकळत होत्या.

हळू आवाजात म्हणाले, "मावशी, माउस कुठायत?"

"चाळणीत हायत. वर फडकं झाकलंय, कावळा न्हेईल म्हणून."

सर पायरीवरच बसले. चपला घालायचंही विसरले. हेडसर आले, त्यांनी मला बोलायला सुरुवात केली, डेडस्टॉक, जबाबदारी, वसुली, सगळं काढलं. मीही गप्प बसणारी नव्हते. म्हटलं, घाण हाताची पोरं पाठवायची तुमी, आन् धुतलं की बोलणी मला? पण आतून घाबरले होते. पोरांचा कॉम्प्युटर माझ्या हातनं मेला तर मी कुठल्या तोंडानं खोली उघडणार?

श्रीनिवास सरांनी तीन दिवस काही लावलं नाही. वाळू दे म्हणाले. पोरं रोज येऊन तारेखाली उभी राहून वर बघायची. गुरुवारी सरांनी एकेक फळी जोडली. चारपैकी चार चालल्या. एका उंदराचं डावं बटण दाबलं की अडकायचं, ते आधीही अडकायचं, मी साक्षीला आहे.

सरांनी तिथूनच आईला फोन लावून सगळी हकिकत तेलुगूत सांगितली. पलीकडून आई बराच वेळ बोलत होती. फोन ठेवल्यावर मी विचारलं, काय म्हणाल्या? रागावल्या का?

"नाही. आई म्हणाली, राखेनं घासले असते तर अजून निघाले असते."

पुढच्या साली घट बसायच्या आधी सर स्वतः फळ्या सोडवून माझ्याकडे घेऊन आले. एवढंच म्हणाले, मावशी, शेंडी नको, फडकं वापरा.

०

माझ्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं, तेव्हा हजेरीचं मशीन आलं. भिंतीला लावलेली छोटी डबी. लाल दिवा. सगळ्यांनी सकाळ-संध्याकाळ अंगठा लावायचा.

अंगठा!

मी सरळ सांगितलं, लावणार नाही. तेव्हाचे हेडसर नवे होते, त्यांना मागचं काही माहीत नव्हतं. ते समजावायला लागले, अहो मावशी, हे आधुनिक आहे, कलेक्टरसुद्धा अंगठा लावतात. म्हटलं, कलेक्टरला काय, त्यांनी आधी सही केली मग अंगठ्यावर आले. मी अंगठ्यावरनं सहीवर आलीया. मला परत मागं धाडू नका.

सविता तेव्हा शाळेत गणिताची बाई होती. ती बाजूला उभी राहून ओठ दाबून हसत होती. तिला सगळं माहीत होतं ना.

वरून दम आला. शेवटी एक दिवस सगळ्या स्टाफसमोर मला मशीनपुढं उभं केलं. मी पदर खोचला आणि अंगठा टेकवला. मशीन कुंई करून थांबलं. परत लावा. परत कुंई. डावा लावा. कुंई. बोटं लावा. दहाही बोटं झाली. ज्या बाईनं बत्तीस वर्षं फरशी, फळे, माठ आणि कीबोर्ड घासले, तिच्या बोटांवर रेघा राहतील कुठल्या?

मशीन आणायला ज्यांनी जोर केला होता ते सगळे डबीकडे बघत होते. मी रजिस्टर मागितलं आणि रीतसर सही केली. खाली रेघ ओढली.

"बघा," मी म्हटलं, "मशीनला बी कळलं, बाई सहीवाली हाय."

०

कोरोनात शाळा बंद आणि मी तर कधीच घरी बसलेली. पण गावात रेंज फक्त माझ्या अंगणात यायची. का, ते कंपनीला ठाऊक. त्यामुळं सातवी-आठवीची दहा-बारा पोरं सकाळी माझ्या लिंबाखाली, तोंडाला फडकी बांधून, लांब लांब बसायची. मास्तर मोबाईलमध्ये. दहा वाजले की मी परात वाजवायची. परात वाजली की तास सुरू, परात वाजली की सुट्टी.

मोबाईलमधल्या सरांना वाटायचं, सगळी हजर आहेत. नावापुढं हिरवं दिसतंय ना. इकडं कॅमेरा बंद करून एक शेळीमागं पळालेला असायचा, दोघी सागरगोट्या खेळत असायच्या. मी तीन दिवस बघितलं. चौथ्या दिवशी एका पोरीचा मोबाईल घेतला आणि सरांना हजेरी दिली. अमका झाडावर हाय, तमकी आत भाकरी खातीया, आन् ज्यो लई 'व्हय सर, व्हय सर' म्हणतोय, त्येनं पुस्तकच आणलं न्हाय.

नंतर सवयच लागली. सर शिकवतायत आणि मधून मी. सर, फळा वाईच वर धरा. सर, हे गणित काल निराळं शिकवलं हुतं. सर बिचारे सज्जन, पण तेही किती सोसणार. शेवटी म्हणाले, मावशी, कृपा करून तुम्ही म्यूट व्हा.

"बत्तीस वर्षं म्यूटच हुते," मी म्हटलं. "आता न्हाय."

०

आता पॅनलचं.

झेंडावंदनाच्या पंधरा दिवस आधी मला कळलं, भिंत मोजायला फिटर आलाय. मी पाटीत तुरीच्या शेंगा घेतल्या, शाळेत गेले, आठवीतली खुर्ची ओढली आणि फळ्याला पाठ लावून शेंगा सोलत बसले. पोरं मधल्या सुट्टीत बाहेर होती. फिटरनं टेप काढला. म्हणाला, आजी, जरा सरका. म्हटलं, मोजायची तर माझ्यासकट मोज.

तो सविताला बोलावून घेऊन आला. ती दारात उभी राहिली, अगदी त्याच जागी, कंपासपेटी न्यायला आली होती तशी. आता चष्मा, केस पांढरे, पुढच्या वर्षी रिटायर. मी तिला सोडलं नाही. म्हटलं, ह्याच फळ्यावर तू मला शिकवलंस, आन् आता तूच फोडणार?

तिनं फिटरला चहा प्यायला पाठवलं. मग शांतपणे म्हणाली, "मावशी, ह्या वर्गाला धड भिंत एकच आहे. बाकी तिन्हींत दारं-खिडक्या. तुम्हीच सांगा, पोरांचं पॅनल लावू कुठं?"

मी वर्गभर नजर फिरवली. खरंच होतं. त्या खोलीत मी बत्तीस वर्षं झाडू मारला आणि तिला एकच भिंत आहे हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. पोरांना नवं मिळत असेल तर मी कोण आडवी येणार? आणि फळा गेला तर माझं अक्षर कुठून आलं, हे दाखवायला काय उरणार? दोन्ही गोष्टी खऱ्या. भांडणात मी कधी हरत नाही. त्या दिवशी शेंगा गोळा केल्या आणि घरी आले.

झेंडावंदनाला जायचंच नाही असं ठरवलं होतं. तर सकाळी दोन पोरी दारात. बाईंनी सांगितलंय, मावशींना घेतल्याशिवाय यायचं नाही. मी इरकली नेसले. म्हटलं, चला, शेवटचं बघून घेऊ.

झेंडा झाला. सगळे आठवीत जमले. संस्थेचे अध्यक्ष, केंद्रप्रमुख, गावची माणसं, दाराबाहेर पोरं. समोर सोलापुरी चादर घातलेलं ते मोठं पॅनल. भिंत पूर्ण झाकलेली. फळ्याचा एक कोपराही दिसेना. मी पाहुण्यांच्या रांगेत बसले खरी, पण नजर खालीच.

अध्यक्षांनी चादर ओढली. टाळ्या. फिटरनं बटण दाबलं, पॅनल उजळलं. सविता पुढं झाली आणि बोटानं, खालच्या कोपऱ्यात, मोठ्या अक्षरात, एक ओळ लिहिली. मग माझ्याकडे वळली.

"मावशी, उद्घाटन तुमच्या हातानं. वाचा आणि पुसा. नुसता पंजा फिरवायचा."

मी उठले. चष्मा आणला नव्हता, म्हणून अगदी जवळ गेले. सगळे थांबले. अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. सवितानं त्यांना हातानंच खूण केली, थांबा, वाचू दे.

लिहिलं होतं, 'मावशी फळा हलणार नाही, पॅनलला चाकं आहेत.'

मी खाली बघितलं. स्टँडला चार चाकं. सवितानं एका हातानं ढकललं, ते सगळं धूड गाडीसारखं बाजूला सरकलं, आणि मागं फळा. जसाच्या तसा. नव्हे, नुकताच काळा केलेला, तोंडलीच्या पाल्याचा ओला वास अजून येत होता. दारातल्या आठवीच्या पोरींचे हात कोपरापर्यंत काळे होते आणि त्या माझ्याकडे बघून हसत होत्या. म्हणजे पंधरा दिवस ह्या बाईनं मला झुरत ठेवलं.

"पुसा आजी," फिटर म्हणाला. "पंजा फिरवा."

मी हात मागंच ठेवला. त्याला विचारलं, "पुसल्यावर ह्ये कुटं जातं?"

"कुठं नाही. गेलं."

"आन् लाईट गेली तर?"

"सेव्ह नाही केलं तर तरीपण गेलं."

मी कमरेची पिशवी सोडली. त्यात सुपारी, अडकित्ता आणि खडूचा एक तुकडा असतो, कायम असतो. तो सविताच्या हातावर ठेवला.

"असली गोष्ट मशीनवर नगं," मी म्हटलं. "तितं लिही. फळ्यावर. आन् खाली सही कर, पुढल्या साली तू नसशील."

हेडबाईंनी अख्ख्या गावासमोर ती ओळ फळ्याच्या खालच्या कोपऱ्यात खडूनं उतरवली आणि सही केली. मी वाचली. काना-मात्रा तपासला. चुकलं नव्हतं.

अध्यक्ष हसत हसत म्हणाले, मावशी, सगळं ठीक, पण फळा उद्या वापरायला लागणार. आता हे पुसणार कोण?

"फळा पुसायचं काम शिपायाचं, सायेब," मी म्हटलं. "आन् मी तर रिटायर हाय."